घर नंबर चार, मयताशेजारी

मी पहिल्यांदा मेलो तो बुधवार होता. सकाळचे साडेदहा, स्वच्छ ऊन, आणि डोंगरावर नुकता बर्फ पडलेला. हे सगळं मला नीट आठवतं, कारण मेल्यावर माणसाला दुसरं काम नसतं. तो वर बघत पडून राहतो.

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी कुम-आरिकच्या शाळेत जाऊन चौथी 'ब'चा हजेरीपट काढून बघावा. त्या दिवशी एकतीसच्या एकतीस मुलं हजर आहेत आणि पुढे बाईंच्या अक्षरात लिहिलंय, 'प्रात्यक्षिक: मयतीला भेट.' बाकी मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. माझ्या घोड्याने एकदा इसिक-कुल सरोवर पोहून पार केलं आणि पलीकडे जाऊन खोगीर विसरलं म्हणून परत आला, ही माझीच थाप. पण मेलो ते खरं.

माझा धंदा गोल घरांचा. विलोच्या काठ्यांची जाळी, त्यावर वाकवलेले वासे, वर तुंदुक, म्हणजे छताच्या मधोमध आभाळ दाखवणारं लाकडी कडं, आणि सगळ्यावरून लोकर कुटून केलेला जाड नमदा. उन्हाळ्यात कुरणावर राहायला आता कोण जातंय? माझं घर भाड्याने जायचं ते मयतीला. आम्हा किरगिझांत माणूस शहरातल्या नवव्या मजल्यावर मेला तरी खाली अंगणात, मोटारींच्या मधे, गोल घर उभं राहतं. मयत आत, बायका आत, पुरुष दारात काठ्या टेकून रडतात. मी चाळीस वर्षं लोकांच्या मयतींना छप्पर दिलं. स्वतःच्या मयतीला देईन असं काही ठरवलं नव्हतं.

ते ठरलं असिलकान बाईंमुळे. या चौथीच्या बाई. एका सोमवारी त्या माझ्या फाटकाशी उभ्या राहिल्या. हातात दोन कागद, नाकाचा शेंडा लाल. थंडीने नव्हे, रागाने.

"आजोबा, वाचता येतं ना तुम्हाला?"

"रागावलेल्या बाईचा चेहरा वाचता येतो. कागदाला चष्मा लागतो."

"मग ऐका. एकाच टपालात आलेत दोन्ही. हा पहिला म्हणतो, या आठवड्यात मुलांना बेघरांविषयी शिकवा. प्रत्येक मुलाला सुरक्षित घर का हवं ते समजावून सांगा. जमल्यास गावातल्या वडीलधाऱ्याला बोलवून जुन्या घराचं प्रात्यक्षिक घ्या. आणि हा दुसरा म्हणतो, ज्या मुलांना अधिकृत पत्ता नाही त्यांची नावं महिनाअखेरीस पटावरून काढा."

"किती आहेत अशी?"

"माझ्या वर्गात एकच. बुरुलचा."

बुरुलचाला मी ओळखत होतो. कालव्याच्या काठी सात घरांची एक ओळ आहे, डोंगरातली गावं ओस पडली तेव्हा खाली आलेल्या लोकांची. मातीच्या विटा, पत्र्याचं छप्पर. त्यातलं चौथं घर तिच्या आईचं, गुलसूनचं. गुलसून शिवणाच्या कारखान्यात दिवसभर शर्टांना बाह्या लावते. घर तिने रविवारी-रविवारी बांधलं. वीट तिने पाडायची, बुरुलचाने उलटून वाळवायची, अशी तीन वर्षं. आणि त्या ओळीच्या जागेवर आता कुणाचं तरी गोदाम व्हायचं होतं. बुधवारी घरं पाडायचं यंत्र येणार असं जमीन खात्याचा माणूस तोंडी सांगून गेला होता. तोंडीच. कारण खात्याच्या नकाशावर तिथे मोकळी जमीन होती, आणि मोकळ्या जमिनीला नोटीस कशाला द्यायची?

म्हणजे बुधवारी घर जाणार आणि महिनाअखेरीस शाळा. मुलगी दहा वर्षांची.

"उद्या येताय ना घर घेऊन?" बाईंनी विचारलं.

"येतो," मी म्हणालो. "पण मी पोरांना थापा सांगेन."

"सांगा. परिपत्रक वाचण्यापेक्षा बरं."

मंगळवारी शाळेच्या मैदानात मी घर उतरवलं. पोरांनी जाळी ताणली, वासे लावले, तुंदुक वर चढवताना दोघं एकमेकांच्या खांद्यावरून पडली. आत गोल करून सगळी बसली. बाईंनी परिपत्रकाबरोबर आलेलं चित्र जाळीला टांगलं. एका बाजूला लाल कौलांचं घर, दुसऱ्या बाजूला पुलाखाली बसलेला दाढीवाला, शेजारी कुत्रा.

"सांगा बघू," बाई म्हणाल्या, "घर सुरक्षित आहे हे कशावरून ओळखायचं?"

"टीव्ही असतो!"

"आतून कडी असते."

"माझी आजी असते. ती कुणालाही हाकलते."

बुरुलचाने हात वर केला. वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढलेल्या. "चुलीचा पाइप भिंतीतून बाहेर गेलेला असतो," ती म्हणाली. "आधी आम्ही बाजारात एका लोखंडी डब्यात राहायचो. माल ठेवतात ना, तसल्या. त्याला खिडकी नव्हती. एका थंडीत कोळशाचा धूर आतच राहिला. आई उठेना. शेजारच्या फळवाल्याने दार तोडलं म्हणून मी चौथीत आहे. म्हणून घर बांधताना आईने भिंतीआधी पाइप आणला."

समोर बसलेल्या एका गोबऱ्या पोराने चित्राकडे बोट दाखवलं. "पण तुमचं घर उद्या पाडणारेत ना? माझे बाबा म्हणाले. मग तू यांच्यासारखी होणार? बेघर?"

"मी कशाला होईन?" बुरुलचा म्हणाली. "माझं घर आहे. कडी आहे, पाइप आहे, कुत्रापण आहे. बेघर कुणी आपोआप होत नाही, गोबऱ्या. कुणीतरी येऊन करतं. या चित्रात तो माणूस काढलाच नाहीये."

बाईंनी चित्राकडे पाहिलं. मीही पाहिलं. खरंच काढला नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमचं हे घर यंत्राने पडेल?"

"यंत्र कशाला? मी एकटा तासाभरात उतरवतो."

"मग कुणालाच उतरवता येणार नाही असं घर असतं का?"

मी तोंड उघडलं ते थाप मारायला. सरोवराच्या तळाशी एक लोखंडी घर आहे वगैरे. पण थापेच्या आधी खरं बाहेर पडलं. "मयताचं. मयत आत असेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. दफन झाल्याशिवाय काठी हलत नाही. खानाचं सैन्य आलं तरी बाहेर उभं राहून आधी रडेल."

एकतीस डोकी एकदम विचार करायला लागली. ते ऐकू येतं बरं का, मधाच्या डब्यावर माश्या बसल्यासारखं नव्हे, तवा तापल्यासारखं.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी," बुरुलचा सावकाश म्हणाली, "एवढीच जागा आहे. एका बाजूला कालवा, एका बाजूला भिंत. हे घर तिथे बरोबर बसेल."

"बुरुलचा!" बाई म्हणाल्या. "मयत लागतं त्याला!"

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं.

आता सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाकडे अशा वेळी असं बघणं हा उद्धटपणा आहे. पण मला बरं वाटलं. बायको गेल्यापासून माझी कुणाला एवढी गरज पडली नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "परिपत्रकात प्रात्यक्षिक लिहिलंय ना?"

बाईंनी परिपत्रक उघडलं, वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. "जागा कुठली ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या साडेआठला सगळ्यांनी कालव्यापाशी यायचं. टोप्या घालून. आणि आजचा चित्रकलेचा तासही तिथेच."

त्या तासाला पोरांनी निळा तैलरंग नेऊन सातही फाटकांवर आकडे काढले. एक ते सात. चार आकडा बुरुलचाने स्वतः काढला, एवढा मोठा की कालव्यापलीकडून दिसावा.

बुधवारी नऊपर्यंत घर उभं राहिलं. गल्लीच्या तोंडात बाटलीला बूच बसावं तसं. पुरुषांची बाजू डावी, तिथे पडद्यामागे मला निजवलं. मुल्लाला बोलावलं नाही. त्याच्यासमोर खोटं बोलायला मलाही लाज वाटते. पण बाल्जान आजी आली. कुम-आरिकमध्ये रडणं म्हणजे बाल्जान. मयतावर गाणं रचून रडावं ते तिनेच. तिच्या गाण्याने दगडाला पाझर फुटतो, आणि ती माझ्यावर चाळीस वर्षं चिडलेली होती. कारण सांगत नाही. ती जिवंत आहे.

"जिवंत माणसावर रडायचं म्हणजे अपशकुन," ती पडद्याआड डोकावून म्हणाली.

"माझ्या बाबतीत तुला तो चालेल, बाल्जान."

"तेही खरंच. नीट पड, मेल्या. आणि पोट हलवू नकोस."

बाहेर सात घरांचे पुरुष कमरेला पट्टे बांधून काठ्या टेकून ओळीने उभे राहिले. बायकांनी कढई चढवली, बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला घेतले. मयताच्या आत्म्याला त्या तळणाचा वास पोचतो म्हणतात. पोचतो. मला भूक लागली होती. मुलं बायकांच्या मागे बसली आणि बाईंनी त्यांना वही काढायला लावली.

साडेदहाला यंत्राचा आवाज आला. जमिनीतून आला, पाठीला कळला. मग आवाज थांबला. कुणीतरी उडी मारली, आणि पळत येत धाय मोकलून ओरडायला लागलं, "अरे माझ्या आजोबा रे! माझ्या डोंगरा रे!"

तो यंत्राचा ड्रायव्हर होता, मेदेत. नारिनकडचा पोरगा. मला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण मयताचं घर दिसलं की लांबून रडत यायचं, हे त्याला आईने शिकवलेलं. ओळीतल्या पुरुषांच्या गळ्यात पडून तो असा रडला की मलाही स्वतःविषयी वाईट वाटलं.

त्याच्यामागे गाडीतून जमीन खात्याचे साहेब उतरले. सापारालिएव. कोट, चकचकीत बूट, बगलेत फाइल. नमद्याच्या फटीतून मला ते दिसत होते. क्षणभर त्यांनी घर पाहिलं, काठ्या टेकलेले पुरुष पाहिले, रडणारा ड्रायव्हर पाहिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेब किती झालं तरी किरगिझ आईच्या पोटचे. त्यांनी फाइल गाडीच्या टपावर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि जमेल तेवढ्या आवाजात सुरू केलं, "अरे माझ्या... काका रे..."

"मोठ्याने, साहेब," ओळीतला एक म्हातारा म्हणाला. "मयत कानाने अधू होतं."

साहेब मोठ्याने रडले.

आत बाल्जानने सूर लावला. पाठ दाराकडे, हात कमरेवर.

"तू गेलास, कालमुर्झा, तुझी जीभ कुठे ठेवलीस?
तिला वेगळी कबर लागेल, एका कबरीत ती मावणार नाही.
तू गेलास, छप्पर वाटणारा, ज्याने कुणाला उघड्यावर ठेवलं नाही,
आणि आज तुझ्या उशाशी यंत्र उभं आहे.
ज्या चुली बायकांनी हाताने बांधल्या त्या मोजायला कोण आलंय बघ,
ज्याच्या नकाशात चूल दिसत नाही, धूर दिसत नाही, पोरं दिसत नाहीत."

बाहेर मेदेत नव्याने हंबरला. साहेबांचा आवाज मात्र थांबला. डोळे पुसायचे म्हणून त्यांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरून असिलकान बाईंना विचारलं, "बाई, मुलं इथे काय करतायत?"

"सुरक्षित निवाऱ्याचा आठवडा आहे, साहेब. वरून आलंय."

"बरं. मयताला वाट करून द्या. दफन झालं की यंत्र लावतो. या ओळीतली सामानं तरी तोवर काढायला लावा."

"कुठल्या ओळीतली?" बुरुलचा वही घेऊन उभी राहिली. "तुमच्या नकाशात तर इथे मोकळी जमीन आहे. मोकळ्या जमिनीतलं सामान कसं काढायचं?"

"ही कुणाची मुलगी?"

"चार नंबरची," बुरुलचा म्हणाली.

साहेबांनी मान वर करून गल्लीत पाहिलं. निळे आकडे. मी फटीतून बघत होतो. त्यांनी रुमाल खिशात कोंबला. ते म्हणाले, "मयताचा दाखला दाखवा. डॉक्टरचा."

मेदेत गर्रकन वळला. "साहेब! मयताच्या दारात कागद मागता?"

पुरुषांच्या ओळीतून एक 'छ्या' निघाली आणि पार शेवटपर्यंत गेली. साहेब कानशिलापर्यंत लाल झाले. मी तुम्हाला सांगतो, तिथेच ते परत गेले असते. पण नेमका त्याच वेळी बाल्जानने शेवटचं कडवं घेतलं. म्हणाली,

"खोटं कधी बोलला नाहीस, कालमुर्झा, सरळ होतास बाणासारखा..."

आणि मी हसलो. काय करणार? चाळीस वर्षांत ती माझ्या जिभेविषयी पहिल्यांदा चांगलं बोलली, आणि तेही धादांत खोटं. पोट हललं, मग खांदे हलले, मग आवाज फुटला. पडदा पडला तो माझ्याच अंगावर.

साहेब आत शिरले तेव्हा मी उठून बसलो होतो आणि गोबऱ्याने दिलेला बोर्सोक खात होतो.

"ही फसवणूक आहे!" साहेब ओरडले. "हा माणूस जिवंत आहे!"

"कशावरून, साहेब?" मी विचारलं.

"दिसतोय की धडधडीत! खातोयस!"

"बघा हं," मी म्हणालो. "ती सात घरं पण धडधडीत दिसतायत. तिथे पण माणसं खातायत. तरी तुम्ही म्हणता घरं नाहीत, कारण कागदात नाहीत. मग माझ्या दिसण्याचं काय घेऊन बसलात? तुमच्या नजरेवर तुमचाच विश्वास नाही, मी कसा ठेवू? मी मेलोय. इतक्या लोकांनी रडून सांगितलंय. तुम्हीसुद्धा."

पोरं खिदळली. बाईंनी 'शू' केलं, पण स्वतः तोंडावर हात ठेवून.

साहेब तरातरा बाहेर गेले. "मेदेत! यंत्र चालू कर. हा तंबू आधी."

मेदेत जागचा हलला नाही. डोळे अजून ओले होते त्याचे. "नाही जमणार, साहेब."

"अरे, तो जिवंत आहे!"

"त्याचं तो बघेल. मी रडलोय. ज्याच्या दारात रडलो त्याच्या अंगावर यंत्र घालू? माझी आई मला घरात घेईल का?"

"मी तुला कामावरून काढीन!"

"काढा. पण घरात नाही घेतलं तर मीपण त्या चित्रातल्यासारखाच," असं म्हणून तो खाली बसला आणि त्याने चहा मागितला. बाईंनी चित्र आतून बाहेर दिसेल असं टांगलं होतं.

साहेबांनी टपावरची फाइल उचलली. "एकेकाला नोटीस धाडतो," ते म्हणाले. "सातही जणांना. रीतसर. मग बघतो कोण मेलंय नि कोण जिवंत."

"जरूर धाडा," असिलकान बाई म्हणाल्या. त्यांचं नाक पुन्हा लाल झालं होतं. "पत्ता तेवढा नीट लिहा, साहेब. नाहीतर टपालवाला फिरत बसेल."

त्या संध्याकाळी मेदेत यंत्र घेऊन एकटाच परत गेला. साहेब आपल्या गाडीतून कधीच निघून गेले होते. आम्ही घर उतरवलं नाही. कसं उतरवणार? माझं दफन कुठे झालं होतं?

सहाव्या दिवशी टपालवाला आला. सात लिफाफे, सगळे रजिस्टर्ड, सही घेऊन द्यायचे. गुलसून कारखान्यात होती, म्हणून बाईंनी बुरुलचाला शाळेतून धावत पाठवलं. मी गोल घराच्या दारात ऊन खात बसलो होतो. तिने लिफाफा मला दाखवला. मी चष्मा लावला.

जमीन खात्यातला कोणीतरी कारकून असेल, शिस्तीचा. पत्त्याशिवाय रजिस्टर टपाल घेत नाहीत, आणि साहेबांनी त्याला रागारागात सांगितलं असेल तेच त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'गुलसून, रहिवासी, घर क्रमांक ४, कालवाकाठ, कुम-आरिक. मयताच्या गोल घराशेजारी.' खाली सही. सहीवर खात्याचा गोल शिक्का, निळा, न फिसकटलेला.

"आत काय लिहिलंय?" मी विचारलं.

"घर तीस दिवसांत रिकामं करा, असं."

"कुठलं घर?"

बुरुलचाने पुन्हा लिफाफा वाचला. मग तिच्या वेण्यांसकट भुवया वर गेल्या. "चार नंबरचं!" ती ओरडली. "आजोबा, त्यांनीच लिहिलंय! घर! रहिवासी!" आणि ती शाळेकडे अशी पळाली की तिचा कुत्रा मागे पडला.

त्या दुपारी असिलकान बाईंनी पटावर बुरुलचाच्या नावापुढे, नाव खोडायच्या रकान्यात नव्हे, पत्त्याच्या रकान्यात शाई घातली. पुरावा म्हणून लिफाफा टाचणीने लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ही तर घर सोडायची नोटीस आहे." बाई म्हणाल्या, "सोडायला आधी असावं लागतं, सर." आणि त्याच सात लिफाफ्यांच्या प्रती घेऊन सातही घरांतल्या बायका नकाशाच्या कचेरीत जाऊन बसल्या. त्या अजून मधूनमधून जाऊन बसतात. तीस दिवस झाले, नंतर तीनशे झाले. यंत्र आलं नाही. कागदावर आलेलं घर पाडायला त्यांना आणखी कागद लागतात, आणि त्या प्रत्येक कागदावर पुन्हा तोच पत्ता लिहावा लागतो.

साहेबांची बदली झाली म्हणतात. मेदेत आता सातव्या घरात जावई आहे.

चौथी 'ब' पाचवीत गेली, पण दर बुधवारी शेवटचा तास माझ्या घरात होतो. बुरुलचाने त्या जुन्या चित्रात रंगीत पेन्सिलने एक माणूस काढलाय, कोट घातलेला, बगलेत फाइल. मी तुंदुकाखाली डाव्या बाजूला पडून असतो. मधूनच बाल्जान येते, नवीन कडवं रचून. या खेपेस तिने माझ्या घोड्यालाही सोडलं नाही.

नकाशाच्या कचेरीतला एक नवा पोरगा परवा येऊन विचारून गेला, "आजोबा, हे मयताचं घर कधी उतरणार?"

"दफन झालं की," मी म्हणालो. "आणि मला घाई नाही."